दापोलीच्या पेन्शनरांची फाइल अजून बंद झालेली नाही

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील सर्व तालुका माजी सैनिक संघटना

विषय: स्मरणिकेतले एक वाक्य आणि संघटनेच्या घटनेतले एक कलम बदलण्याबाबत

सप्रेम जय हिंद.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका संघटनेच्या वर्धापनदिनाला गेलो होतो. झेंडावंदन झाले, वीरमातांचा आणि वीरपत्नींचा सत्कार झाला, पुलाव आणि जिलेबी झाली. निघताना हातात स्मरणिका आली. ती परतीच्या एस.टी.त वाचली. पहिल्याच पानावर लिहिले होते की माजी सैनिकांनी एकत्र येऊन आपले प्रश्न सरकारपुढे मांडावेत ही कल्पना कोकणात अलीकडची, फार तर पासष्ट-एकाहत्तरच्या लढायांनंतरची. संघटनेचे नाव लिहीत नाही. चूक त्यांच्या एकट्याची नाही. ते पान कोणी तरी दुसऱ्या स्मरणिकेतून उतरवले असणार आणि त्या दुसरीने तिसरीतून.

मी फौजेत बावीस वर्षे क्लार्क होतो. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या हुकमात, एक तारीख चुकली की दहा वर्षांनी कुणाच्या तरी बायकोची फॅमिली पेन्शन अडकते, हे मी पाहिले आहे. त्यामुळे चुकीची तारीख दिसली की मला गप्प बसवत नाही. इथे तर चूक थोडीथोडकी नाही, पंचाहत्तर-ऐंशी वर्षांची आहे.

दापोलीला जुनी माणसे अजून कॅम्प म्हणतात. पेशवाई गेल्यावर १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी तिथे लष्करी ठाणे केले. पुढे उतारवयातल्या शिपायांची व्हेटरन बटालियनही तिथे ठेवली होती. पलटणी हलल्या, माणसे राहिली. मुंबई लष्करात कोकणातले महार आणि चांभार शिपाई मोठ्या संख्येने होते. पेन्शन झाल्यावर गावी परतायचे म्हणजे पुन्हा गावकीची कामे, पुन्हा मेलेली ढोरे ओढणे. ज्याने पलटणीत हवालदार म्हणून कवायत घेतली, त्याने गावात येऊन पाटलापुढे वाकून उभे राहायचे. त्यापेक्षा कॅम्प बरा, असे ज्यांना वाटले ते दापोलीत राहिले. वर्दी उतरलेली, पेन्शन सुरू, पोरे शाळेच्या वयाची आणि आजूबाजूला आपल्यासारखेच दहा-वीस जण. संघटना व्हायला याहून जास्त काय लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या संघटना अशाच पारावर आणि कँटीनच्या रांगेत जन्मल्या.

त्या पेन्शनरांत एक होते हवालदार गोपाळ बाबा वलंगकर. मूळ गाव महाडजवळचे रावढळ. १८८६ मध्ये ते पेन्शनवर आले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे, ‘दीनबंधु’ पत्रात लिहिणारे. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पुढे १८९० च्या आसपास पेन्शनरांना सोबत घेऊन त्यांनी संस्था काढली, अनार्य दोष परिहारक मंडळी. नाव आज तोंडात बसत नाही हे मान्य. पण ते नुसते भारदस्त वाटावे म्हणून ठेवलेले नाही. शूद्र-अतिशूद्र हे इथले मूळचे, अनार्य, असे फुले मांडत होते आणि त्या अनार्यांवर लादलेला दोष धुऊन काढणारी ती ही मंडळी.

आपण मात्र त्यांना समाजसुधारक म्हणून एका कप्प्यात ठेवले आणि माजी सैनिक म्हणून दुसऱ्या कप्प्यात घ्यायचे विसरलो. जयंतीच्या फलकावर ते असतात, माजी सैनिक संघटनेच्या भिंतीवर नसतात. मला विचाराल तर ती मंडळी आपल्या भागातली माजी सैनिकांचीच संघटना होती. पुरावा म्हणून तिने काय काम केले ते पाहा.

पहिले काम शाळेचे. १८९२ मध्ये दापोलीतल्या अस्पृश्य लष्करी पेन्शनरांनी अर्ज केला की नगरपालिकेच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या. म्युनिसिपालिटीची शाळा, म्हणजे सगळ्यांच्या पैशांची. तरी मुलांना वर्गाबाहेर, पडवीत. हे त्या बापांना जास्त का झोंबले असेल याचे कारण फौजी माणसाला लगेच कळेल. पलटणीत शाळा असायची. तिथे शिपाई शिकायचे, त्यांची मुले शिकायची, मुलीसुद्धा शिकायच्या. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, अशाच लष्करी शाळेत शिकवत होते. पेन्शनीनंतर तेही काही काळ दापोलीतच राहिले, मग साताऱ्याला गेले. त्यांचे मूळ गाव आमच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ज्या बापाने छावणीत बाकावर बसून अक्षर गिरवले त्याच्या पोराने नागरी शाळेत पडवीत बसायचे. छावणीत जे मिळाले ते गेटाबाहेर संपले.

दुसरे काम मोठे आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

१८९० नंतर इंग्रजांनी लष्कराची फेररचना केली. लढवय्या जाती कोणत्या आणि बिगरलढवय्या कोणत्या याच्या याद्या झाल्या, जातवार पलटणी झाल्या आणि महारांची भरती थांबली. भीमा कोरेगावच्या स्तंभावर लढाईत पडलेल्यांची नावे कोरून ठेवणारे हेच सरकार. त्यात ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, बावीस नावे आहेत. पण स्तंभ वेगळा, भरती वेगळी. पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या हुकमाने वलंगकरांचे स्वतःचे काय बिघडले? काही नाही. त्यांची पेन्शन चालूच राहणार होती. दापोलीतल्या इतर पेन्शनरांचीही चालू राहणार होती. बिघडणार होते ते ज्यांनी अजून वर्दी घातलीच नव्हती त्यांचे.

आणि १८९४ मध्ये मंडळीने मुंबईच्या सरसेनापतीसाठी विनंतीपत्र तयार केले की आमच्या लोकांची भरती पुन्हा सुरू करा. बाबासाहेबांचे चरित्रकार चां. भ. खैरमोडे यांच्या संग्रहामुळे तो दस्तऐवज टिकला. बाबासाहेबांच्या चरित्रांत असेही येते की रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन याच भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली.

पेन्शनर माणसाने सरकारला असा कागद लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. पेन्शन सरकारच्या हातात. आज आपण आंदोलनाला बसतो आणि संध्याकाळी मोबाइलवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेजही येतो. तेव्हा तसे नव्हते.

त्या विनंतीपत्राची मी पूजा करत नाही. त्यात सरकारची भरपूर आळवणी आहे. आम्ही मूळचे क्षत्रिय, आम्हाला खाली ढकलले गेले, असाही दावा आहे. संस्थेच्या नावात अनार्य आणि अर्जात क्षत्रिय! दोन्हींचा मेळ कसा घालायचा तो विद्वानांनी घालावा. मी क्लार्क माणूस, मला एवढे कळते की अर्ज साहेबाला पटेल अशा भाषेत लिहायचा असतो. साहेबाच्या डोक्यात लढवय्या जातींची यादी होती, म्हणून अर्जदाराने सांगितले की आम्हीही त्या यादीतलेच. यादीच चुकीची आहे हे म्हणायला पुढची पिढी लागली. आणखी एक गोष्ट खटकते. शिपायांच्या विधवांचा आवाज या सगळ्यात कुठे ऐकू येत नाही. तो आपल्याही स्मरणिकांत फारसा येत नाही. सत्काराच्या यादीत त्या असतात, कार्यकारिणीच्या यादीत किती आहेत ते मोजा.

भरती काही सुरू झाली नाही. १८९५ मध्ये वलंगकरांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला उच्चवर्णीय सभासदांनी कुरकुर केली. १९०० मध्ये ते वारले. मंडळीही त्यांच्यामागे फार टिकली नाही. कुठे कार्यालय नाही, फलक नाही, स्मरणिका तर नाहीच.

पण आमच्या कामात एक गोष्ट असते. साहेब बदलला, डेस्क बदलले तरी फाइल चालू राहते. ही फाइल तशी चालू राहिली. दापोलीतून ती पुण्याकडे गेली. शिवराम जानबा कांबळे हे फौजी नव्हते, पण १९०३ मध्ये त्यांनी सासवडला सभा घेतली, ५१ गावांतले लोक जमवले आणि १,५८८ सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यात लष्कर होते, पोलीस होते, सरकारी नोकऱ्या होत्या. १९१० मध्ये त्यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याला लिहिले. उपयोग काही झाला नाही. मग महायुद्ध आले आणि माणसे कमी पडली, तेव्हा सरकारला अचानक आठवण झाली. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण अशा वेळेसाठीच असावी.

१९ मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेब बोलायला उभे राहिले. चवदार तळ्याचा सत्याग्रह दुसऱ्या दिवशीचा. पहिल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी लष्कराचा विषय काढला. लष्करी नोकरीने या भागातल्या अस्पृश्यांना वर येण्याची संधी दिली होती आणि ती दारे बंद करून सरकारने विश्वासघात केला, असे त्यांनी बजावले. ते भाषण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मध्य प्रदेशातल्या सागरला होतो, महार रेजिमेंटच्या सेंटरमध्ये. लाउडस्पीकरवर रिव्हेली, म्हणजे पहाटे उठवण्याचे बिगुल, वाजत होती आणि मी पुस्तक उशीखाली सरकवून पळालो होतो. महाडचे भाषण मला सागरात वाचायला मिळावे, हेही त्या फाइलीमुळेच. कारण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज त्या रेजिमेंटमध्ये देशभरातले, सगळ्या जातींचे जवान आहेत. श्रीलंकेत १९८७ मध्ये परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महारचे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. विनंतीपत्र १८९४ चे आणि रेजिमेंट १९४१ ची, मधे सत्तेचाळीस वर्षे. आपण डीएच्या थकबाकीला सहा महिने झाले की बोंब मारतो. (मीही मारतो.)

एवढे सगळे लिहून तुम्हाला काय सांगायचे आहे, तर फक्त स्मरणिकेतले वाक्य बदला एवढेच नाही. ते बदलाच. पण दुसरी विनंती मोठी आहे.

आपल्या संघटनांची वाढ मी डोळ्यांनी पाहिली आहे. सुरुवातीला एकाच्या घरी जमायचे, वहीत नावे, वर्गणी पन्नास रुपये. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आले, तेव्हा कार्डांचे फॉर्म भरायला लोक येऊ लागले. वन रँक वन पेन्शन लागू झाले, प्रत्येकाला आपला तक्ता समजून घ्यायचा होता. मग पेन्शनची ऑनलाइन स्पर्श प्रणाली आली आणि हयातीच्या दाखल्यासाठी ज्यांना मोबाइल उघडता येत नाही असे म्हातारे सुभेदार नातवाला घेऊन दारात उभे राहिले. संघटना वाढल्या त्या अशा, एकेका फॉर्मने. हे काम हलके नाही. एका विधवेच्या नवऱ्याच्या नावाचे स्पेलिंग पीपीओत (पेन्शनच्या आदेशपत्रात) आणि आधारवर वेगवेगळे होते, तिला घेऊन मी बँकेच्या सात फेऱ्या मारल्या आहेत. त्या फेऱ्यांची किंमत मला ठाऊक आहे.

पण हे सगळे काम आपले आहे. म्हणजे आपल्यासाठीचे आहे. दापोलीच्या पेन्शनरांनी जे केले ते मागून येणाऱ्यांसाठी होते.

आता तुमच्या संघटनेची घटना काढा आणि सभासदत्वाचे कलम वाचा. मी चार तालुक्यांच्या घटना पाहिल्या. शब्द थोडे इकडेतिकडे, पण अर्थ एकच: सैन्यदलातून पेन्शन घेऊन निवृत्त झालेला. एका ठिकाणी तर सभासद अर्जासोबत पीपीओची झेरॉक्स जोडा असेच छापले आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीरांची पहिली तुकडी १ जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणात दाखल झाली. सेवा चार वर्षांची. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम सेवेत घेतले जाणार, बाकीचे परत. चौथ्या वर्षाच्या शेवटी त्यांना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतील. पेन्शन नाही. ईसीएचएस नाही. म्हणजे पीपीओ नाही. म्हणजे तुमच्या छापील अर्जाला जोडायला झेरॉक्स नाही.

ही योजना बरी की वाईट यावर आपल्या बैठकांत पुरेशी भांडणे झाली आहेत, मी त्यात पडत नाही. भरतीबंदीचा तो हुकूम आणि ही योजना एकच, असेही मी म्हणत नाही. तेव्हा जातीवरून दार बंद केले होते, इथे दार सर्वांना उघडे आहे, फक्त आतला मुक्काम छोटा आहे. पण पेन्शनरापुढचा प्रश्न तोच आहे. जे आपल्याला मिळाले ते आपल्या मागून येणाऱ्याला मिळणार नाही, अशा वेळी आपण आपले पासबुक घट्ट धरून बसायचे की आणखी काही करायचे?

मंडणगड, खेड, दापोली, पोलादपूर, महाड, या तालुक्यांतून पोरे गेली आहेत. मी त्यांतल्या काहींना पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना पाहिले आहे. त्यांचे बाप आपले सभासद आहेत. ही पोरे पंचविशीच्या आसपास घरी येतील. हातात पैसे असतील आणि ते पैसे मागायला दहा जण घराबाहेर उभे असतील. प्लॉटवाले, चिटफंडवाले, गाडीच्या शोरूमवाले. बारावीनंतरचे शिक्षण अर्धवट असेल. पोलीस भरती, वनरक्षक, बँकेतली गार्डची जागा, कुठे कसा अर्ज करायचा, कुठली सवलत कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, हे सांगणारा कोणी नसेल. गावात लोक विचारतील, काय रे, काढून टाकला का? त्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याच्या शेजारी एखादा सुभेदार उभा असला तर फरक पडेल.

म्हणून माझे म्हणणे असे. कलमातला पेन्शनचा शब्द काढा. सैन्यदलात सेवा करून सन्मानाने परतलेला प्रत्येक जण सभासद, एवढे पुरे. सरकारच्या व्याख्येत तो माजी सैनिक बसतो की नाही हा सरकारचा प्रश्न. आपली घटना आपल्या सर्वसाधारण सभेत बदलता येते. ठराव करायचा, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. मसुदा मी करून देतो, टायपिंगसकट. वीरपत्नींपैकी किमान दोघींना कार्यकारिणीवर घेण्याचेही त्याच ठरावात घाला. एका खर्चात दोन कामे.

काही जण म्हणतील, ही पोरे येऊन बहुमताने संघटनाच ताब्यात घेतील. एका अध्यक्षांनी मला हे खरोखर म्हटले. मी त्यांना विचारले, साहेब, तुम्ही ऐंशीला टेकला आहात, संघटना तुम्ही सोबत नेणार आहात का? ते हसले, पण विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तो अजून ढकललेलाच आहे.

दुसरे कोणी म्हणेल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आधी पत्र काढू दे, मग पाहू. वलंगकरांनी कुणाच्या पत्राची वाट पाहिली असती तर विनंतीपत्र लिहिलेच गेले नसते. असो, हे जरा जास्त बोललो.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून. येत्या १४ तारखेला दोन्ही जिल्ह्यांतल्या संघटनांनी एकत्र यावे आणि दापोलीत यावे. मोठा मंडप नको, हॉल नको, पुढारी तर अजिबात नकोत. कॅम्पात कुठल्याही मोकळ्या जागी सतरंजी टाकून बसू. ज्यांची पोरे अग्निवीर आहेत त्या बापांना आणावे आणि पोरगा सुटीवर असेल तर पोरालाही. संक्रांत आहे, तिळगूळ घरून आणावा.

मी विनंतीपत्राची माहिती, महाडच्या भाषणातला उतारा आणि ठरावाचा मसुदा यांच्या पंचवीस प्रती काढून आणतो. झेरॉक्सचा खर्च माझा. सकाळी सातच्या मंडणगड-दापोली गाडीने निघालो की साडेआठपर्यंत पोचतो. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या घटनेतल्या सभासदत्वाच्या कलमाचा फोटो काढून पाठवला तरी चालेल, त्यावर लाल पेनाने काय बदलायचे ते लिहून परत पाठवीन.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क)
तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी